कमलाबाई सोहोनी आणि विज्ञानाच्या व्यवसायातील समान संधी

विज्ञान शिकणे ही एक गोष्ट आणि विज्ञानावर उपजीविका करणे ही दुसरी. शाळेत आपण पहिलीशी परिचय करून घेतो. दुसरीविषयी क्रमिक पुस्तकांत फारसे काही आढळत नाही. न्यूटनने कोणते नियम मांडले ते विद्यार्थ्यास तोंडपाठ असते. परंतु शोध लावणाऱ्या माणसाला वेतन कोण देते, तो दिवसातले किती तास शिकवतो व किती तास प्रयोग करतो, त्याची नेमणूक कोण करते आणि ती नेमणूक सर्वांना सारख्याच न्यायाने मिळते काय, हे प्रश्न वर्गात सहसा निघत नाहीत. आमच्या सुरतेतील मराठी घरांत तर ते निघावयास हवेत. कारण येथील कितीतरी मुली दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवितात आणि पुढे त्या विषयापासून कायमच्या दूर जातात.

आरंभी दोन आकडे ध्यानात घ्यावेत. केंद्र सरकारच्या उच्चशिक्षणविषयक पाहणीप्रमाणे २०२१-२२ साली देशात विज्ञानशाखेत सुमारे ५७.२ लाख विद्यार्थी शिकत होते व त्यांपैकी सुमारे २९.८ लाख मुली होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक. याउलट, संशोधनाच्या कामात प्रत्यक्ष गुंतलेल्या मनुष्यबळात २०१८ साली स्त्रियांचे प्रमाण १७ टक्क्यांच्याही आत होते. वर्गात दोघांत एक आणि प्रयोगशाळेत सहांत एक! ह्या अंतराचा काही भाग केवळ काळाचा आहे, हे मान्य केले पाहिजे. आज पन्नाशीत असलेले शास्त्रज्ञ ज्या काळी महाविद्यालयात गेले, त्या काळी तेथे मुलीच थोड्या होत्या. तथापि सारा हिशेब एवढ्याने जुळत नाही. वाटेत कोठेतरी गळती आहे, आणि ती नेमकी कोठे आहे हे आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी एखादे चरित्र बारकाईने वाचावे लागते. म्हणून आम्ही येथे कमला सोहोनी यांचे चरित्र घेतले आहे.

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. मराठी वाचकांना त्यांच्या वडीलभगिनी दुर्गा भागवत अधिक परिचित आहेत. १९७५ साली कराडच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्याच दुर्गाबाई. एक बहीण लोकसाहित्याकडे वळली व दुसरी रसायनाकडे. घरात रसायनाचे वातावरण होतेच. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. ही संस्था १९०९ साली स्थापन झाली व आज भारतीय विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तेव्हा १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतल्यावर कमलाबाईंनी ह्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज करावा, ह्यात नवल काहीच नव्हते. त्यांचा विषय रसायन, जोडविषय पदार्थविज्ञान, आणि गुण भरपूर.

अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. स्त्रिया संशोधनाच्या योग्यतेच्या नसतात, अशी त्यांची समजूत होती. रामन म्हणजे १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे, आणि त्या संस्थेचे पहिले हिंदुस्थानी संचालक. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. हिंदुस्थानातील माणसाला विज्ञान जमणार नाही, अशी राज्यकर्त्यांची समजूत त्याआधी थोडीच वर्षे प्रचलित होती. १८८५ साली जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले, तेव्हा त्यांना युरोपीय अध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ केले गेले. त्यांनी ते तीन वर्षे हाती घेतले नाही व शिकविणे मात्र सोडले नाही. अखेर सरकारला पूर्ण वेतन द्यावे लागले. आपल्या सुरतेत १८६३ साली जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांनीही मुंबईस संशोधन केले ते स्वतः काढलेल्या प्रयोगशाळेत. अशा वातावरणातून वर आलेल्या विद्वानांपैकी एकानेच तेच दार पुढे एका मुलीसमोर बंद करावे, हे विपरीत खरे. रामन यांच्या विज्ञानाची थोरवी ह्याने कमी होत नाही. परंतु मोठ्या माणसाची प्रत्येक समजूत मोठी नसते, एवढे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी संचालकांकडे जाऊन कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याचा निश्चय कळविला. काळ गांधीजींचा होता. तो शब्द त्या वेळी घरोघरी होता. शेवटी प्रवेश मिळाला, परंतु अटींसह. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम पसंत पडले तरच पुढे मान्यता. मार्गदर्शक सांगतील तर रात्री कितीही वेळ काम करावे लागेल. आणि त्यांच्या तेथे असण्याने इतर संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये!

आम्हांस ह्या तिन्ही अटी त्या नकाराइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. पहिली अट पाहा. बी.एस्सी.चे गुण मुलग्याच्या बाबतीत योग्यतेचे प्रमाण ठरतात. मुलीच्या बाबतीत मात्र त्या गुणांनंतर आणखी एक वर्षाची परीक्षा. दुसरी अट वरवर न्याय्य दिसते, कारण प्रयोगशाळेत रात्री जागणे सर्वांनाच प्राप्त असते. पण १९३३ साली परक्या शहरात एकट्या राहणाऱ्या तरुणीने रात्री घरी सुखरूप कसे पोहोचावे, ह्याचा विचार त्या अटीत नव्हता. तिसरी तर विलक्षणच. इतरांनी आपले चित्त थाऱ्यावर ठेवावयाचे, ही जबाबदारी इतरांची. ती एका मुलीच्या शिरावर ठेवली गेली. दार उघडले, परंतु आतल्या खोलीत बसण्याचे नियम तिच्यासाठी निराळे होते. हा अपमान आपल्याला फार लागला होता, असे कमलाबाईंनी पुढे उतारवयात बोलून दाखविले. त्या वेळी मात्र अटी मान्य करून त्या कामाला लागल्या.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे, पण शिकविण्याची हौस असलेले गुरू होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षाच्या अखेरीस रामन यांचे समाधान झाले; त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एका मुलीच्या चिकाटीने पुढच्यांची वाट मोकळी झाली, असे म्हणून ह्या प्रसंगाचा नेहमी गौरव केला जातो. तो योग्यच आहे. पण तिचे काम सामान्य ठरले असते तर? सामान्य कामाचे कितीतरी मुलगे त्या संस्थेत येऊन गेले असतील. त्यांच्यामुळे पुढच्या मुलग्यांचा प्रवेश कोणी बंद केला नाही. पहिल्या मुलीला मात्र सामान्य असण्याची मुभा नव्हती.

तेथून त्या केंब्रिजला गेल्या. १९३७ साली न्यूनहॅम कॉलेजात त्यांचे नाव दाखल झाले व सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच हॉपकिन्स. पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करताना बटाट्याचा अभ्यास चालू असता कमलाबाईंना वनस्पतींत सायटोक्रोम सी ह्या द्रव्याचे कार्य आढळून आले. हे द्रव्य म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपण खाल्लेल्या अन्नातील शक्ती शरीरास एकदम मिळत नाही. पेशीच्या आत इलेक्ट्रॉन एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे हातोहात पुढे जातात, आणि ह्या प्रवासात शक्ती थोडीथोडी मोकळी होते. आग विझविताना लोक रांगेत उभे राहून पाण्याच्या बादल्या पुढे देतात, त्या रांगेतला एक मनुष्य म्हणजे सायटोक्रोम सी. प्राण्यांच्या पेशींत तो आहे हे तेव्हा माहीत झाले होते. वनस्पतींच्या श्वसनातही तोच काम करतो, हे कमलाबाईंनी दाखविले.

त्यांचा प्रबंध अवघ्या चौदा महिन्यांच्या कामावर आधारलेला आणि केवळ चाळीस पृष्ठांचा होता. परीक्षेत पुरवण्यांच्या संख्येवरून उत्तरपत्रिकेची किंमत करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य वाचावे. १९३९ साली त्यांना पीएच्.डी. मिळाली, विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. आता ह्याच केंब्रिजची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथे स्त्रियांना पदवीचे नाव मिळे. परंतु विद्यापीठाच्या सभासदत्वाच्या सर्व हक्कांसह पूर्ण पदवी स्त्रियांना १९४८ सालापर्यंत देण्यात आली नव्हती. म्हणजे बंगळूर मागासलेले आणि विलायत पुढारलेली, असा सोपा निवाडा येथे करता येत नाही.

स्वदेशी परतल्यावर कमलाबाई दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनाच्या विभागप्रमुख झाल्या, व नंतर कुन्नूरच्या पोषण-संशोधनशाळेत साहाय्यक संचालक. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञानसंस्थेत जीवरसायनाच्या नव्या विभागात प्राध्यापक झाल्या. त्यांच्या आयुष्यातील अध्यापन व संशोधन ह्यांचा खरा मेळ येथे बसला. आमच्या मते चरित्राचा हाच भाग सर्वांत अभ्यसनीय आहे. पण बंगळूरची गोष्ट नाट्यमय असल्यामुळे बहुतेक लेखक तेथेच रेंगाळतात.

विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी कोणते विषय हाती घेतले ते पाहावे. आपल्या कडधान्यांत प्रथिने पुष्कळ. तरी ती सारी अंगी का लागत नाहीत? कित्येक कच्च्या कडधान्यांत असे द्रव्य असते, की ते आतड्यातील ट्रिप्सिन नावाच्या पाचकरसाला अडविते. त्यामुळे प्रथिनांचे पचन नीट होत नाही. चांगली उष्णता दिली म्हणजे हे द्रव्य बव्हंशी नष्ट होते. वाल भिजवून, मोड आणून, पुरते शिजवावे हा आपल्या घरातला शिरस्ता. उष्णतेपुरती तरी त्याच्या मागची रसायनविद्या कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत तपासली गेली.

दुसरा विषय नीरेचा. हा तर सुरतेच्या वाचकास अगदी जवळचा आहे. हिवाळ्यात सकाळी लवकर येथे ताजी नीरा मिळते आणि ऊन चढण्यापूर्वीच ती पिऊन टाकावी लागते, कारण उन्हात ती आंबते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचे पोषणमूल्य तपासले. तीत अ व क ही जीवनसत्त्वे आणि लोह असून नीरा आटवून गूळ केला तरी ती काही अंशी टिकतात, असे आढळले. पुढे आदिवासी समाजातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. ह्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतिपदक मिळाले. केंब्रिजमध्ये पेशींचे सूक्ष्म व्यापार शोधणारी विदुषी गरिबाला परवडेल अशा पेयाकडे वळली, ह्याला कोणी उतरण म्हणेल. आम्ही म्हणत नाही. कोणता प्रश्न संशोधनास योग्य, हे ठरविताना संशोधक कोणाच्या घरात डोकावतो ह्यालाही महत्त्व असते. निरनिराळ्या घरांतून आलेली माणसे प्रयोगशाळेत असावीत, ह्याचे हे एक कारण, आणि ते न्यायाच्या कारणाहून वेगळे आहे.

इतके करूनही संस्थेचे संचालकपद त्यांना सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले, आणि स्त्री असणे हेच त्याचे कारण होते असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. पहिला अडथळा विशीत आणि हा पन्नाशीत! पहिला निदान स्पष्ट शब्दांत होता, त्याला सत्याग्रहाने उत्तर देता आले. नेमणुकीची फाईल टेबलावर पडून राहते, तेव्हा सत्याग्रह कोणासमोर करावयाचा?

आता शिक्षण व संशोधन ह्यांच्या वाटणीकडे वळू. महाविद्यालयीन अध्यापकाच्या कामाला तीन बाजू असतात: शिकविणे, स्वतः शोध करणे, आणि समित्या, परीक्षा व कागदपत्रे सांभाळणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमांप्रमाणे साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष शिकवावे लागते. तयारी, वह्या, प्रात्यक्षिके त्याहून निराळी. बढतीच्या वेळी मात्र प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांना मोठे वजन असते. म्हणजे ज्याने मन लावून शिकविले त्याच्या वर्षांचा हिशेब कागदावर सहज उमटत नाही. घरी लहान मूल आणि आजारी सासू-सासरे असतील, तर शोधनिबंधाची वेळ कोणत्या तासांतून काढावयाची? जिला ती काढता येत नाही, तिची बढती मागे पडते. आणि मग तिला संशोधनात गोडी नाही, असा शेरा मारणे सोपे जाते.

ह्या अडचणीवर व्याख्यानांपेक्षा व्यवस्थेने काम करणारी एक मराठी शास्त्रज्ञ होऊन गेली. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या कमल रणदिवे ह्या पुण्याच्या. १९१७ साली जन्मलेल्या. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत त्यांनी १९४९ साली डॉक्टरेट मिळविली आणि पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. १९७३ साली भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची संघटना स्थापन झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. ह्या संघटनेने वाशी येथे नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह व मुलांसाठी पाळणाघर चालविले. विज्ञानाच्या संस्थेने पाळणाघर काढावे हे कोणास चमत्कारिक वाटेल. आम्हांस तर तो एखाद्या महत्त्वाच्या उपकरणाइतकाच प्रयोगशाळेचा भाग वाटतो. सरकारी नियमही हळूहळू त्या दिशेने वळले आहेत. अनुदान आयोगाच्या २०१६ सालच्या नियमांनी पीएच्.डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत व २४० दिवसांपर्यंत प्रसूती अथवा बालसंगोपनाची रजा दिली.

बंगळूरच्या त्याच संस्थेत १९९५ साली पुण्याच्या रोहिणी गोडबोले सहयोगी प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. कमलाबाईंच्या अर्जानंतर बासष्ट वर्षांनी. त्याआधी १९८२ पासून त्या मुंबई विद्यापीठात शिकवीत होत्या आणि मूलकणांच्या भौतिकीत संशोधनही करीत होत्या. २००८ साली त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह भारतातील सुमारे शंभर स्त्री-शास्त्रज्ञांच्या आत्मकथनपर लेखांचा ‘लीलावतीज डॉटर्स’ हा ग्रंथ संपादित केला. २०२४ साली त्या निवर्तल्या. इंग्रजी वाचू शकणाऱ्या आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थिनींनी हा ग्रंथ मिळवून वाचावा. त्यातील स्त्रिया एकमेकींहून अगदी निराळ्या आहेत, हीच त्याची गंमत.

येथवर आम्ही ज्यांची नावे घेतली त्या तिघी सुशिक्षित घरांत वाढल्या. कमलाबाईंच्या घरी दोन रसायनशास्त्रज्ञ होते, कमल रणदिव्यांचे वडील प्राध्यापक होते. सुरतेतील बहुसंख्य मराठी घरांची स्थिती तशी नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेला पिता यंत्रमागावर किंवा डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये पाळी करतो. आई घरी साड्यांना खडे व लेस लावते. अशा घरातील मुलीपुढे प्रवेशाचा नियम नसून वर्षांचा हिशेब उभा असतो. बी.एस्सी. तीन-चार वर्षे, एम्.एस्सी. दोन, पीएच्.डी. पाच; पहिली कायमची नोकरी हाती येईपर्यंत वय तिशीला टेकते. तोवर धाकटी भावंडे, घरभाडे, लग्नाची चर्चा. त्यात मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला महाविद्यालयात सारे इंग्रजीतून ऐकावे लागते, आणि पहिल्या सहामाहीत भाषा न समजल्याने गेलेले गुण विषय न समजल्याचे गुण म्हणून मोजले जातात. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणजे समान संधी दिली, असे ह्या मुलीस कसे सांगावे?

पालकांना ह्या हिशेबातील काही रकमा ठाऊक नसतात, म्हणून त्या येथे देतो. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व घरभाडेभत्ता निराळा मिळू लागला, म्हणजे पीएच्.डी.ची वर्षे घरावर भार टाकूनच काढावी लागतात असे नाही. गुजरात सरकारने २०२४ साली दोन योजना सुरू केल्या. नमो लक्ष्मी योजनेत नववी ते बारावीच्या पात्र मुलींना चार वर्षांत मिळून ५०,००० रुपये, आणि नमो सरस्वती विज्ञान साधना योजनेत अकरावी-बारावी विज्ञानाच्या पात्र विद्यार्थ्यांना मिळून २५,००० रुपये देण्याची तरतूद झाली. शहरातच १९६१ साली स्थापन झालेली सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, आणि १९६५ साली स्थापन झालेले व आता वीर नर्मद यांचे नाव धारण करणारे दक्षिण गुजरात विद्यापीठ आहे. दोन्ही ठिकाणी विज्ञानाचे विभाग आहेत आणि घरी राहून तेथे शिकता येते. दहावीचा निकाल लागल्यावर अकरावीच्या प्रवेशास फार दिवस उरत नाहीत, आणि त्या घाईत शाखेचा निर्णय शेजाऱ्याच्या सल्ल्याने होऊन जातो. ह्या योजनांच्या अटी, विभागातील जागा, वसतिगृहाची सोय आणि प्रयोगशाळा संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालते, ह्यांची चौकशी पालकांनी मुलगी दहावीत असतानाच, दिवाळीच्या सुट्टीत, तिला बरोबर घेऊन करून यावी.